शोधणाऱ्याच्या शेजारी : इंटरनेटच्या काळातला ग्रंथपाल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सारं आयुष्य ग्रंथपालनात घालवलं. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषयही ग्रंथपालाचाच असावा, असं मला वाटलं. शिवाय आज त्यावर बोलण्याची गरज आहे. गेली कित्येक वर्षं एक प्रश्न सारखा कानावर पडतो आहे. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर चर्चा चालू असताना तो येतो, महाविद्यालयात रिकामी जागा भरायची वेळ आली की येतो, घरी मुलांच्या तोंडूनही येतो. सगळं मोबाइलवर मिळतं, मग ग्रंथपाल हवा कशाला?

हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. विचारणाऱ्याने जे पाहिलं त्यातून तो आलेला असतो. देवघेव विभागाच्या खिडकीत बसून पुस्तकावर तारखेचा शिक्का मारणारा माणूस, एवढंच ग्रंथपालाचं रूप ज्याने पाहिलं, त्याला हे काम यंत्र करू शकेल असं वाटणारच. आणि तेवढं काम यंत्राने जरूर करावं. माझं म्हणणं त्या खिडकीच्या पलीकडच्या कामाबद्दल आहे. इंटरनेटने माहिती आपल्या हातात आणून दिली. पण त्यातलं नेमकं हवं ते सापडणं, सापडलेलं विश्वासार्ह असणं आणि आज सापडलेलं उद्याही जागेवर असणं, या तीन गोष्टींची जबाबदारी तिथे कुणाचीच नाही. ती ग्रंथपालाची आहे. मराठीपुरतं बोलायचं तर ती घेणारं दुसरं कुणी मला दिसत नाही.

ग्रंथपाल म्हणजे कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा, ही समजूत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच खोटी ठरली होती. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळा सोडल्यावर हाती वाचायला काही नसेल, तर शिकलेला माणूस पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या जाणत्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बॉर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली आणि ग्रंथपाल घडवण्यासाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. गावकऱ्यांनी ग्रंथालयासाठी रक्कम उभी केली की सरकार आणि पंचायत त्यात आपली भर घालत. जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या पाठवल्या जात. पुस्तक वाचकापर्यंत नेणं हे ग्रंथपालाचं काम आहे, हा विचार आपल्या मातीत तेव्हाच रुजला होता.

त्याला शास्त्राचं रूप दिलं एस. आर. रंगनाथन यांनी. ते गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन या विषयाचं शिक्षण घेऊन आले आणि परतल्यावर त्यांनी ग्रंथालयाची कपाटं वाचकांसाठी खुली केली. त्यांचा जन्मदिन, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेले पाच सिद्धांत ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. त्यांचा आशय असा, की पुस्तक वापरासाठी असतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय सतत वाढत राहावं. या पाचांत राखणदारीचा शब्दही नाही. पुस्तकाच्या जागी माहिती म्हणा, ध्वनिफीत म्हणा, पडद्यावरचं पान म्हणा, पाचही सिद्धांत तसेच लागू पडतात. आणि वाचकाचा वेळ वाचवण्याचा चौथा सिद्धांत तर १९३१ पेक्षा आज जास्त निकडीचा झाला आहे.

आता पहिली गोष्ट, सापडण्याची. मराठीत या कामाचं सर्वांत मोठं उदाहरण शंकर गणेश दाते यांचं. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी सिद्ध केली आणि पुढे १९३८ ते १९५० या वर्षांची भर घातली. दीडशे वर्षांत मराठीत काय छापलं गेलं, कुणी लिहिलं, कुठे छापलं, कोणत्या विषयावर, हे त्यामुळे आपल्याला एका जागी कळतं. एकोणिसाव्या शतकावर काम करणारा अभ्यासक आजही आधी दात्यांची सूची उघडतो. या कामाला बाजार नव्हता. ज्याला पुढच्या, न पाहिलेल्या वाचकाची काळजी आहे, तोच असं काम करतो.

त्याच्या शेजारी आपल्या काळातलं एक काम ठेवून पाहा. या शतकाच्या सुरुवातीपासून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात देशभरातल्या ग्रंथालयांमधली लाखो पुस्तकं स्कॅन झाली. त्यात मराठीही पुष्कळ होती. त्यांतली बरीच आज इंटरनेट अर्काइव्हवर कुणालाही विनामूल्य वाचता येतात. केवढं मोठं काम हे! पण त्यांच्या नोंदी पाहिल्या की मन खट्टू होतं. मराठी पुस्तकांची नावं रोमन अक्षरांत, जसं सुचेल तशा स्पेलिंगने घातलेली. एकच ग्रंथ वेगवेगळ्या स्पेलिंगने वेगवेगळ्या जागी. कुठे लेखकाचं नाव अर्धंच, कुठे प्रकाशनवर्ष नाही, कुठे खंडाचा क्रमांक नाही. पुस्तक आहे, उघडतं, वाचता येतं. पण ते तिथे आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती ते लागण्याची शक्यता फार थोडी. यंत्राने पानांची छायाचित्रं घेतली, पण जाणत्या हाताने नोंद करायची राहून गेली.

मराठीची अडचण इथेच संपत नाही. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार आहेत. आजचा विद्यार्थी ‘काही’ असं टाइप करून शोधतो आणि साधं शोधयंत्र त्याला ‘कांहीं’पर्यंत नेईलच याची खात्री नाही. ‘ॲ’ हे अक्षर डोळ्यांना एकच दिसतं, पण संगणकात ते दोन वेगळ्या प्रकारे साठवलेलं असू शकतं. मग एकाने टाइप केलेला शब्द दुसऱ्याला शोधून सापडत नाही. युनिकोड रूढ होण्याआधी जुन्या फाँटमध्ये जुळवलेली हजारो पानं आज पीडीएफमध्ये नीट वाचता येतात, पण त्यांतला मजकूर शोधायला गेलं तर हाती निरर्थक चिन्हं येतात. मोडी कागदपत्रांचा प्रश्न तर याहून पुढचा. या प्रत्येक अडचणीवर उपाय आहे. जुनी आणि नवी रूपं एकमेकांना जोडणारी तालिका करता येते, चुकीच्या नोंदी देवनागरीत दुरुस्त करता येतात, विषयशीर्षकं मराठीत देता येतात. पण हे करायला मराठी ग्रंथव्यवहार जाणणारा, तालिकीकरण शिकलेला आणि संगणकावर बसणारा माणूस लागतो. त्यालाच आपण ग्रंथपाल म्हणतो.

दुसरी गोष्ट, विश्वासाची. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ‘शिकागो सन-टाइम्स’ या जुन्या, प्रतिष्ठित वृत्तपत्राबरोबरच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी छापून आली. लेखकांची नावं खरी, नामवंत. पण पंधरापैकी दहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने ती रचली होती आणि छापण्यापूर्वी कुणी तपासली नव्हती. त्याआधी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी अशाच साधनाने रचलेले, कधीच न दिलेले निवाडे सादर केले आणि त्यांना दंड झाला. ही साधनं उपयोगी आहेत. मसुदा करणं, भाषांतराला हातभार लावणं, मोठ्या मजकुराचा सारांश काढणं, यासाठी ती ग्रंथालयातही वापरावीत. पण खरं आणि खोटं ती सारख्याच आत्मविश्वासाने सांगतात. हे पुस्तक खरोखर आहे का, कुणी छापलं, कोणत्या आवृत्तीत हे वाक्य आहे, हे तपासून सांगण्याचं काम ग्रंथपाल पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. हे कौशल्य जुनं झालेलं नाही. त्याची गरज उलट वाढली आहे.

एक उदाहरण घेऊन हे सांगतो. तालुक्याच्या ग्रंथालयात एक बाई येतात आणि विचारतात, “कायद्याचं पुस्तक आहे का?” अनुभवी ग्रंथपाल लगेच कपाटाकडे वळत नाही. तो म्हणतो, “ताई, कशाबद्दल पाहिजे?” दोन-चार वाक्यांनंतर कळतं, की वडिलांच्या जमिनीत लग्न झालेल्या मुलीला हिस्सा आहे की नाही, हे त्यांना पाहायचं आहे. आता इंटरनेटवर या प्रश्नाची शेकडो उत्तरं आहेत आणि त्यांतली अनेक एके काळी बरोबरही होती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण त्या दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. २००५ मध्ये केंद्राने मूळ कायदाच बदलला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात त्याचा अर्थ स्पष्ट केला. म्हणजे १९९८ चं पुस्तक एक उत्तर देईल, २०१० चा लेख दुसरं आणि आजची स्थिती तिसरीच असेल. ग्रंथपाल वकील नाही. सल्ला त्याने देऊ नये. पण कायद्याचा आजचा मजकूर त्या ताईंच्या हाती ठेवणं, कुठलं पुस्तक कालबाह्य झालं हे सांगणं आणि स्त्रियांना विधी सेवा कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावं, एवढा रस्ता दाखवणं त्याच्या अधिकारात आहे. या कामाला आमच्या शास्त्रात संदर्भसेवा म्हणतात. शोधयंत्र विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. ग्रंथपाल आधी माणसाचा खरा प्रश्न समजून घेतो.

खरं-खोटं तपासण्याचं हे काम झालं नाही तर ते जिवावर बेतू शकतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरलेली होती. गावात ग्रंथालय असतं तर हे टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. त्या पाच जणांच्या मृत्यूपुढे असं बोलणं शोभणार नाही. पण एवढं नक्की म्हणेन, की आलेला मजकूर खरा की खोटा हे विचारायला गावात एक जागा हवी आणि उत्तर शोधून देणारं एक माणूस हवं. छायाचित्र जुनं आहे का, चित्रफीत दुसऱ्याच देशातली आहे का, बातमी कुणी दिली, हे तपासायची रीत शाळेतल्या मुलांना, बचत गटातल्या बायांना आणि पारावरच्या ज्येष्ठांना शिकवणं हा ग्रंथालयाचा नेहमीचा कार्यक्रम झाला पाहिजे.

सगळं मोबाइलवर मिळतं, हे म्हणणंही पुरतं खरं नाही. जगातलं बरंचसं ताजं संशोधन महागड्या वर्गणीच्या कुंपणात आहे. केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ च्या जानेवारीपासून सुरू केली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आणि ३० प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं देशातल्या ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली केली. हे पाऊल मोठं आहे आणि त्याचं स्वागत केलं पाहिजे. पण आपल्या आजाराबद्दल वाचू पाहणारा सामान्य माणूस किंवा द्राक्षावरच्या रोगाचा ताजा अभ्यास शोधणारा बागायतदार त्या कुंपणाच्या बाहेरच उभा आहे. सार्वजनिक ग्रंथालयात एक संगणक आणि त्यावर ही सोय, अशी व्यवस्था झाली तर या गुंतवणुकीचं फळ साऱ्या समाजाला मिळेल. ती मागणी ग्रंथपालांनी आणि आपण सभासदांनी लावून धरली पाहिजे.

ग्रंथालयाचा आणखी एक गुण या काळात मोलाचा ठरतो. तुम्ही काय वाचता याची नोंद ठेवून ग्रंथालय ती जाहिरातदाराला विकत नाही. तिथे कुणी तुमचं लक्ष खेचून पुढचं, त्याच्या पुढचं दाखवत बसत नाही. एखादी मुलगी आपल्या शरीराविषयी, एखादा तरुण आपल्या मनाच्या आजाराविषयी पुस्तक मागतो, तेव्हा ग्रंथपाल ते देतो आणि गप्प राहतो. संगणकीकरण करताना वाचकाचं हे खाजगीपण सांभाळणं हे ग्रंथपालाचं व्यावसायिक कर्तव्यच मानलं पाहिजे.

तिसरी गोष्ट, टिकण्याची. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. जी गोष्ट आपण कायमची समजतो ती अनेकदा दशकभरही टिकत नाही. कागदावरच्या मजकुरासाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. पडद्यावरच जन्मलेल्या मराठी मजकुराला असं घर नाही. केवळ डिजिटल स्वरूपात निघालेले दिवाळी अंक, छोट्या संस्थांची संकेतस्थळं, स्थानिक बातम्यांची पोर्टलं, ग्रामपंचायतींच्या सूचना, साथीच्या काळातले जिल्हा प्रशासनाचे आदेश, यांतलं किती उरेल? दात्यांना १८५० चं पुस्तक धुंडाळता आलं, कारण ते कुठल्या तरी कपाटात होतं. आजच्या मराठी लेखनाची सूची २१०० मध्ये कुणी करायला घेतली, तर त्याला पाहायला काय मिळेल, हे आपण आज काय जपतो त्यावर ठरणार आहे.

इथे छोट्या गावातल्या ग्रंथालयाला मोठं काम आहे. जगभरचं सारं साठवणं त्याला शक्य नाही आणि गरजही नाही. पण आपल्या पंचक्रोशीचं कुणीही दुसरं साठवणार नाही. गावच्या शाळेची शताब्दी स्मरणिका, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक, यात्रेची पत्रकं, सहकारी सोसायटीचे अहवाल, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजींचं ध्वनिमुद्रण, धरणाखाली गेलेल्या वस्तीची छायाचित्रं हे सगळं गोळा करावं, स्कॅन करावं, नीट नोंदवावं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर आपल्या गावाचा लेख संदर्भासह लिहायचा तर ते संदर्भ याच कपाटातून येतील. आणि उद्या यंत्रं मराठी शिकतील तीही आपण काय लिहून, जपून, खुलं करून ठेवलं त्यावरूनच शिकतील. ज्या भाषेची ग्रंथालयं सुस्त, ती भाषा यंत्राच्या तोंडी मोडकीच येणार.

हे सगळं कुणी करायचं? इथे मला कटू असलं तरी खरं बोलायला हवं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ, ब, क, ड वर्गांची हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालयं आपल्याकडे आहेत. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पर्यंत मागे जाते, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची १८४० पर्यंत, कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराची १८५० पर्यंत. एवढं जाळं, एवढा वारसा. आणि यांतल्या लहान ग्रंथालयांमधला ग्रंथपाल मात्र महिन्याकाठी इतक्या तुटपुंज्या रकमेवर काम करतो, की ती सांगताना मान खाली जावी. अनुदान अधूनमधून वाढतं, हे खरं. पण वेतनश्रेणी, सेवाशर्ती, निवृत्तीनंतरची सोय या मागण्या एकामागून एक समित्यांसमोर मांडल्या गेल्या आणि अजून मांडाव्याच लागतात. महाविद्यालयांत ग्रंथपालांची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात. जो माणूस दुसरा जोडधंदा केल्याशिवाय घर चालवू शकत नाही, त्याच्याकडून आपण संदर्भसेवा, डिजिटायझेशन आणि अफवांशी लढाई यांची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

आणि तरीही ग्रंथालयं जिवंत आहेत. संध्याकाळी कुठल्याही तालुक्याच्या अभ्यासिकेत जा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली दाटीवाटीने बसलेली असतात. ज्यांच्या घरात स्वतंत्र खोली नाही, शांतता नाही, वायफाय नाही, त्यांना ही जागा मिळते ती कुणी तरी वेळेवर कुलूप उघडतं म्हणून. अर्ज भरताना अडलेल्या मुलाला तोच ग्रंथपाल मदत करतो. ही मुलं परीक्षेच्या पुस्तकांपलीकडे वाचू लागली पाहिजेत. तेही त्यांच्याशी बोलणाऱ्या ग्रंथपालामुळेच होईल.

म्हणून माझं मागणं तिघांकडे आहे. शासनाने अनुदानाचा विचार इमारत आणि पुस्तकखरेदीपुरता न ठेवता माणसाच्या पगारापासून सुरू करावा आणि डिजिटल मराठी मजकुराच्या जतनाची कायदेशीर सोय करावी. ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या विद्यापीठांनी मराठी नोंदींचे समान नियम, युनिकोड, माहितीची पडताळणी आणि स्थानिक संग्रहांचं जतन हे विषय अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणावेत. जे आधीच सेवेत आहेत त्यांच्यासाठी सुट्टीच्या दिवसांत, तालुक्याच्या जागी, मराठीतून वर्ग घ्यावेत. आणि तिसरं मागणं तुमच्याकडे, सभासदांकडे आहे. ग्रंथालयाच्या वार्षिक सभेला या. किती पुस्तकं घेतली एवढंच विचारू नका; किती लोकांचे प्रश्न सोडवले, गावाचं काय जतन केलं, ग्रंथपालाला काय दिलं, हेही विचारा. वर्गणी वाढवायची वेळ आली तर हात वर करा.

ग्रंथपाल मित्रहो, तुमच्यासाठी शेवटचं सांगतो. संगणकाला भिऊ नका आणि त्याच्या मागे लपूही नका. तुमच्या ग्रंथालयातल्या जुन्या मराठी पुस्तकांपैकी जी दुसरीकडे कुठे आढळत नाहीत, त्यांची देवनागरीत, पूर्ण आणि बिनचूक यादी या वर्षात करा आणि ती सर्वांना खुली करा. रोज निदान एका वाचकाला त्याचा खरा प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्या शेजारी बसा. सयाजीरावांनी आणि रंगनाथनांनी जे काम सुरू केलं ते अपुरं आहे, आणि इंटरनेटने ते पुढे नेण्याची साधनं प्रथमच इतक्या स्वस्तात आपल्या हाती दिली आहेत. ती वापरायला शिकलेला, सन्मानाने जगू शकणारा ग्रंथपाल प्रत्येक गावाला मिळवून देणं हे आपल्या पिढीचं कर्तव्य आहे.